पाळीची धास्ती आणि तीव्र संवेदना

• तीव्र संवेदना म्हणजे स्पर्श, वास, ओलसरपणा इतरांपेक्षा जास्त जाणवणे. नखरे नव्हेत. ऑटिझममध्ये हे बऱ्याचदा आढळते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे.

• नेमके काय खुपते? पॅडची टोचणारी कड, प्लास्टिकची चरचर, सुगंधी पॅडचा दर्प, चिकट ओल.

• पाळी येण्याआधीच कोरडे पॅड घरी थोडा वेळ लावून पाहावे. बिनवासाचे पॅड, मऊ सुती घडी किंवा पिरियड पँटी, जे सोसेल ते.

• किशोरवयात चक्र २१ ते ४५ दिवसांचे, स्राव २ ते ७ दिवस. एकूण रक्त साधारण ३०–४० मिलि; दिसते त्याहून बरेच कमी.

• मदतीसाठी, कळवणमध्ये (नाशिक जिल्हा): गावात आशाताई, शहरात उपजिल्हा रुग्णालय. १० ते १९ वयोगटासाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४पासून.