लिनक्स का बसत नाही?

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या तालुक्यातल्या एका गुरुजींचा फोन आला. "सर, शाळेच्या संगणकावर लिनक्स टाकायला घेतले आणि पडदा काळा पडला. तीनदा टाकून पाहिले, तीनही वेळा तीच गत. संगणक जुना झाला म्हणायचा. भंगारात देऊ का?"

शिक्षक मित्रांनो, हा प्रश्न एकट्या त्या गुरुजींचा नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीला मिळणारा नेहमीचा आधार संपला, आणि तिच्या पुढची आवृत्ती जुन्या यंत्रांवर चालत नाही. पण यंत्र तर धडधाकट असते. अशा वेळी लिनक्स कामाला येते. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहायला घेतला. ती फुकट मिळते, दुसऱ्याला देता येते, आणि हलकी आवृत्ती निवडली तर जुन्या यंत्रावरही चालते. केरळातल्या सरकारी शाळा कित्येक वर्षे तीच वापरीत आहेत.

तेव्हा ती बसत नाही म्हणजे काय होते, हे आज पाहू.

विहिरीवरचा पंप पाणी उचलीना, तर आपण नवी विहीर खणायला घेत नाही. आधी वीज आहे का पाहतो, मग पंपात पाणी भरून पाहतो, मग फूटव्हॉल्व्ह. संगणकाचेही तसेच आहे. पुन्हा पुन्हा पहिल्यापासून लिनक्स टाकीत बसणे म्हणजे नवी विहीर खणणे. पाणी कुठे अडले, ते आधी शोधावे.

पण त्याच्याही आधी एक गोष्ट. ती मी माझ्या चुकीतून शिकलो, म्हणून सांगतो. काही वर्षांपूर्वी एका शाळेत मी असाच घाईने लिनक्स बसवायला गेलो. सबंध डिस्क पुसायची का, असे यंत्राने विचारले. मी 'हो' म्हटले. त्या डिस्कवर मुलांनी आपापल्या आज्यांकडून ऐकून टंकलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. मुलांच्या वह्यांतून निम्म्याशिम्म्या परत मिळाल्या. बाकीच्या गेल्या. त्यांतल्या दोन आज्या आता हयात नाहीत. म्हणून सांगतो, आधी डिस्कवरचे सारे काही दुसऱ्या ठिकाणी उतरवून घ्या, आणि उतरवलेली एक-दोन पाने उघडून पाहा. मगच पेनड्राइव्हला हात लावा.

आता यंत्र सुरू होते कसे, ते लक्षात घ्या. बटण दाबले की प्रथम बायोस जागा होतो. बायोस म्हणजे यंत्राच्या आतच कायमची लिहिलेली प्राथमिक आज्ञावली. तो पेनड्राइव्ह किंवा डिस्क शोधतो आणि तिथल्या बूटलोडर नावाच्या छोट्या कार्यक्रमाला हाक मारतो. बूटलोडर लिनक्सचा गाभा स्मृतीत आणून ठेवतो. गाभा यंत्राचे एकेक अंग ओळखतो, आणि शेवटी चित्रमय पडदा उभा राहतो. ही चार पायऱ्यांची वाट आहे. कोणत्या पायरीवर गाडे थांबले, हे कळले की अर्धे निदान झाले.

पहिली पायरी. पेनड्राइव्ह लावूनही यंत्र जुनीच प्रणाली सुरू करते. याचा अर्थ बायोसने पेनड्राइव्ह पाहिलाच नाही. यंत्र सुरू होताना एफ१२, एफ२ किंवा डिलीट यांपैकी एखादी कळ दाबली, की कुठून सुरू व्हायचे ते निवडता येते. कळ कोणती, ते बहुधा पडद्याच्या खालच्या कडेला क्षणभर दिसते. तरीही पेनड्राइव्ह यादीत आला नाही, तर तो नीट तयार झालेला नसावा. लिनक्सची फाईल त्यावर नुसती नक्कल करून चालत नाही. तिच्यासाठी खास कार्यक्रम असतो, त्यानेच ती लिहावी लागते.

दुसरी पायरी. पेनड्राइव्ह सुरू होतो, पण या गाभ्याला ६४ बिटी प्रोसेसर लागतो, अशा अर्थाचे वाक्य दिसते. इथे बिघाड काही नाही. प्रत चुकीची निवडली आहे, एवढेच. बरेचसे जुने पेंटियम ४ आणि सुरुवातीचे काही ॲटम प्रोसेसर ३२ बिटीच होते. कोअर २ ड्युओ मात्र ६४ बिटी आहे. उबुंटूने ३२ बिटी यंत्रांसाठी बसवण्याची प्रत काही वर्षांपूर्वीच बंद केली. डेबियनच्या २०२३ मध्ये आलेल्या १२ व्या आवृत्तीत ती होती, २०२५ च्या १३ व्या आवृत्तीत नाही. तेव्हा प्रत घेण्याआधी आपला प्रोसेसर कोणता, ते पाहा.

तिसरी पायरी. यादी दिसते, पर्याय निवडतो, आणि पडदा काळा पडतो. आमच्या गुरुजींचे हेच झाले होते. अशा वेळी यंत्र मेलेले नसते. पुष्कळदा गाभा आणि जुने चित्रकार्ड यांचे जमत नाही, एवढेच असते. यादीवर असताना ई ही कळ दाबावी, लिनक्स शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी जागा सोडून 'नोमोडसेट' हा शब्द रोमन लिपीत, सलग लिहावा, आणि एफ१० दाबावे. काही जुन्या यंत्रांवर ई ऐवजी टॅब दाबून शब्द लिहायचा आणि एंटर मारायचे. या शब्दाचा अर्थ इतकाच, की चित्राचे बारकावे सोड, साधे चित्र दाखव. गुरुजींनी फोन कानाला लावूनच तो शब्द लिहिला. "सर, आला पडदा!" असे ते इतक्या मोठ्याने म्हणाले, की मला फोन दूर धरावा लागला.

पण आनंद फार टिकला नाही. काम निम्म्यावर आले आणि थांबले. दुसऱ्यांदा केले, तेव्हा दुसऱ्याच जागी थांबले. मित्रहो, हा फरक महत्त्वाचा आहे. दर वेळी एकाच जागी अडत असेल, तर उतरवून घेतलेली फाईल अपुरी असण्याचा किंवा पेनड्राइव्ह खराब असण्याचा संशय घ्यावा. त्यासाठी फाईलसोबत लांबलचक अक्षर-अंकांची एक खूण दिलेली असते. आपल्या फाईलची खूण काढून ती अक्षर न् अक्षर जुळते का, ते पाहावे. दर वेळी निराळ्या जागी अडत असेल, तर रॅम म्हणजे स्मृतीची पट्टी तपासावी. तिच्या तपासणीचा मेमटेस्ट नावाचा कार्यक्रम फुकट मिळतो. तो रात्रभर चालू ठेवावा. एकही चूक दिसली, तरी पट्टी सदोष समजावी.

गुरुजींच्या यंत्रात दोन-दोन जीबीच्या दोन पट्ट्या होत्या. वीज बंद करून, तार काढून, एकेक पट्टी लावून पाहिली. एक नासकी निघाली. राहिलेल्या दोन जीबीवर एलएक्सक्यूटी हा हलका पडदा घेऊन डेबियन बसले.

चौथी पायरी. सगळे बसले, पण पेनड्राइव्ह काढला की यंत्र सुरू होत नाही. बहुधा बूटलोडर डिस्कवर न जाता पेनड्राइव्हवरच जाऊन बसलेला असतो. तो कुठे ठेवायचा, असे विचारले जाते तेव्हा नावावर जाऊ नका, आकारावर जा. १६० जीबीची ती डिस्क, ८ जीबीचा तो पेनड्राइव्ह.

आणखी एक फसवे दुखणे सांगतो. लिनक्स बसते, इंटरनेटही जोडलेले असते, पण नवे कार्यक्रम उतरत नाहीत. यादी अजून वैध झालेली नाही, असे यंत्र म्हणते. आपण तार हलवतो, मोडेमला दोष देतो. खरे कारण आतल्या नाण्याएवढ्या बॅटरीत असते. ती संपली, की वीज गेल्यावर यंत्राचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. मग आजची यादी त्याला भविष्यातली वाटते, आणि सुरक्षेच्या नियमाने ते ती नाकारते. सीआर२०३२ नावाचा तो सेल घड्याळवाल्याकडेही मिळतो. गुरुजींनी तो बाजाराच्या दिवशी आणला आणि काम पुढे सरकले.

आता सार सांगतो. एका वेळी एकच बदल करा. दोन बदल एकदम केले, तर गुण कशाने आला ते कळत नाही. पडद्यावरचे वाक्य जसेच्या तसे उतरवून घ्या, किंवा त्याचे छायाचित्र घ्या. "काहीतरी एरर आली" असे सांगून कुणालाच मदत करता येत नाही. रोग्याने नुसते "बरे वाटत नाही" म्हटले, तर वैद्यालाही नाडी पाहावीच लागते! आणि डिस्कच वाचता येत नाही असे यंत्र वारंवार म्हणू लागले, आतून टक्‌टक् आवाज येऊ लागला, तर खटपट थांबवा. तिच्यावरचे जे उतरवून घेता येईल ते घ्या आणि डिस्क बदला.

त्या शाळेत आता संगणकाशेजारी दोरीने बांधलेली एक शंभर पानी वही लोंबते. काय झाले, काय केले, काय घडले, असे तीन रकाने मुलांनीच आखले आहेत. पहिल्या पानावर काळ्या पडद्याची हकीकत सातवीतल्या एका मुलीच्या अक्षरात आहे. यंत्र पुन्हा अडेलच. पण तेव्हा कुणी त्याला भंगारात देऊ का, असे विचारण्याआधी ती वही उघडील, अशी माझी खात्री आहे. तुमच्या शाळेतही अशी एक वही ठेवा.