मद्याला पास, चरबी रांगेत

डाएटवर असलेला माणूस मित्रांच्या बैठकीत लगेच ओळखू येतो. भात नको, रोटी नको, बियर तर नकोच. व्हिस्की मागवून सोबत साधा सोडा सांगतो आणि कुणी विचारलेलं नसताना खुलासा करतो, ‘यात कार्ब नसतात.’ त्याचं म्हणणं खरं आहे. व्हिस्की, व्होडका, जिन, फेणी यांत साखर किंवा पिठूळ पदार्थ जवळजवळ शून्य. पण वजनाच्या हिशेबात या सत्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण ग्लासात अल्कोहोल आहे आणि शरीर ते जळण म्हणून वापरतं.

ही गोष्ट सिद्ध करायला माणसांना पेटीत राहावं लागलं होतं. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या मिडलटाउनला, वेस्लियन विद्यापीठात, विल्बर अ‍ॅटवॉटर यांनी भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड रोझा यांच्या साथीने माणूस आत राहू शकेल असा उष्णतामापक कक्ष उभारला. जेमतेम सात फूट लांब, चार फूट रुंद. आत झोपायची सोय, टेबल, खुर्ची आणि व्यायामाच्या प्रयोगांसाठी सायकल. माणूस त्यात सलग काही दिवस राहायचा. जेवण झडपेतून आत जायचं, मलमूत्र बाहेर यायचं, उच्छ्वासाची हवा तपासली जायची. अंगातून निघालेली उष्णता कक्षातल्या नळ्यांमधून वाहणारं पाणी शोषून घ्यायचं आणि त्या पाण्याच्या तापमानावरून ती मोजली जायची. अ‍ॅटवॉटर आणि त्यांचे सहकारी फ्रान्सिस बेनेडिक्ट यांनी अशा प्रयोगांत आतल्या माणसांना दिवसाला सुमारे ७२ ग्रॅम अल्कोहोल दिलं आणि तितक्याच ऊर्जेचे स्निग्ध व पिष्ट पदार्थ जेवणातून काढून घेतले. जवळजवळ सगळं अल्कोहोल शरीरात जळलं आणि काढून घेतलेल्या अन्नाच्या जागी त्याचीच ऊर्जा वापरली गेली.

या प्रयोगांचा अहवाल १९०२ साली आला तोवर दारूबंदी चळवळीचा अ‍ॅटवॉटर यांच्यावरचा राग चांगलाच पेटला होता. तेव्हाच्या अमेरिकी शाळांतून अल्कोहोल हे निव्वळ विष आहे, अन्न मुळीच नाही, असं शिकवलं जात होतं. त्यावर हा प्राध्यापक मोजमापानिशी सांगत होता की शरीर त्यातून ऊर्जा घेतं. ती किती? ग्रॅमला ७ किलोकॅलरी. साखर आणि प्रथिनं ४, तूप-तेल ९. म्हणजे मद्य तुपाच्या जवळ बसतं, साखरेच्या नाही.

बाटलीवर कॅलरी छापायची सक्ती आपल्याकडे नाही. वैधानिक इशारा असतो आणि अल्कोहोलचं प्रमाण असतं. पण त्या टक्केवारीवरून बाकीचं काढता येतं. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं, एका मिलिलिटरचं वजन ०.७९ ग्रॅम. त्याला सातने गुणलं की मिलिलिटरमागे साडेपाच किलोकॅलरी येतात. ग्लासातलं मद्य किती मिलि, त्याचे बाटलीवर लिहिलेले टक्के काढायचे आणि साडेपाचने गुणायचं. व्हिस्कीच्या बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. तेव्हा ६० मिलिच्या लार्ज पेगमध्ये २० ग्रॅम अल्कोहोल आणि सुमारे १४० किलोकॅलरी. १८० मिलिची क्वार्टर संपवली तर ६१ ग्रॅम आणि ४२०च्या वर. नाशिकच्या वाइनचा १५० मिलिचा ग्लास, १३ टक्क्यांचा, थोडी साखर धरून ११० ते १२५.

बियरवाल्यांसाठी मात्र हे गणित अंमळ कडू आहे. ‘मी फक्त बियर घेतो’ हे वाक्य आपल्याकडे सोज्वळपणाचा दाखला म्हणून चालतं. पण भारतात सर्वाधिक खपते ती स्ट्रॉंग बियर. आठ टक्क्यांच्या ६५० मिलिच्या एका बाटलीत ५२ मिलि म्हणजे ४१ ग्रॅम अल्कोहोल बसतं. दोन लार्ज पेग. वर माल्टमधले कर्बोदक पदार्थ धरले तर बाटलीमागे साडेतीनशेच्या पुढे. पाच टक्क्यांची माइल्ड घेतली तर तीच बाटली अडीचशेच्या आसपास येते. वजन उतरवणाऱ्याने घरी जिना चढण्याआधी दुकानातच हा एक बदल केला, तर बाटलीमागे शंभर कॅलरी वाचतात.

गोव्यात मार्च ते मे हा हुर्राकचा मोसम. काजूच्या बोंडांच्या रसाचं पहिल्या धारेचं हे मद्य साधारण १५ टक्क्यांचं असतं. ९० मिलि हुर्राकमध्ये ७५ किलोकॅलरी धरा. त्यात लोक मिठाची चिमूट, चिरलेली मिरची आणि लिंबाच्या चवीचं गोड शीतपेय ओततात. अशा शीतपेयात १०० मिलिमागे साधारण १० ग्रॅम साखर असते. २०० मिलि ओतलं की ८० किलोकॅलरी. म्हणजे ग्लासातला जास्त पुष्ट करणारा पदार्थ शीतपेयच निघतो. रम-कोला पिणाऱ्यांनीही आपापला हिशेब करून पाहावा.

इथवर झाली नुसती बेरीज. मद्याचा खरा खेळ यकृतात चालतो.

कर्बोदकं शरीर साठवू शकतं, चरबी तर हवी तेवढी साठवू शकतं. अल्कोहोल साठवायला शरीरात जागाच नाही, आणि ते रक्तात फिरत राहणं घातक. मग देवस्थानात व्हीआयपी पासवाला आला की बाकीची रांग थांबवतात, तसं यकृत इतर जळणं थांबवून आधी अल्कोहोल हातावेगळं करायला घेतं. त्याचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं, मग अ‍ॅसिटेट. हे अ‍ॅसिटेट रक्तातून स्नायूंकडे, हृदयाकडे जातं आणि तिथे चरबीच्या जागी जाळलं जातं. शिवाय या साऱ्या खटाटोपात यकृताच्या पेशींतला रासायनिक तोल असा बदलतो की तिथे चरबीचं ज्वलन आणखी मंदावतं.

कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९९ साली हे फार नेटकेपणाने दाखवलं. त्यांनी आठ निरोगी पुरुषांना व्होडका दिली, तीही साखर नसलेल्या लिंबूपेयात. आपला डाएटवाला मित्र घेतो तसाच प्रकार. एकूण अल्कोहोल २४ ग्रॅम, लार्ज पेगहून थोडं जास्त. ‘दारूची चरबी होते’ हा समज तपासला, तर पाच टक्क्यांहूनही कमी अल्कोहोलचं चरबीत रूपांतर झालेलं आढळलं. तीन चतुर्थांशाच्या आसपास अ‍ॅसिटेट होऊन यकृताबाहेर पडलं. पण त्या तासांत शरीराचं चरबी जाळणं ७३ टक्क्यांनी घसरलं होतं. त्याआधी १९९२ साली स्विस संशोधकांनी अ‍ॅटवॉटर यांच्या पेटीच्याच वंशातला कक्ष वापरून चोवीस तासांचा हिशेब मांडला होता. आहारातली पाव ऊर्जा अल्कोहोलमधून दिली, तेव्हा दिवसभरातलं चरबीचं ज्वलन सुमारे एक तृतीयांशाने कमी झालं. अल्कोहोल जेवणात भर म्हणून दिलं काय किंवा जेवण कमी करून दिलं काय, घट जवळपास तेवढीच.

तेव्हा पोटावर जी चढते ती व्हिस्की नव्हे. ती असते तिच्यासोबत खाल्लेल्या खाऱ्या शेंगदाण्यांतली, चिकन लॉलीपॉपमधली, शेवटी मागवलेल्या बिर्याणीतली चरबी, जिचा जळण्याचा नंबर त्या रात्री लागला नाही. तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल शरीर संपवतं. एका लार्जला दोन-तीन तास, क्वार्टरला सहा ते नऊ. रात्री दहाला बसलेल्याचं यकृत पहाटेही त्याच कामात असतं.

आणि चखणा तर लागतोच. यात इच्छाशक्तीचा दोष आपण समजतो तितका नसावा. लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमध्ये २०१७ साली उंदरांना तीन दिवस अल्कोहोल देऊन पाहिलं. उंदरांमध्ये ना मैफल असते ना आग्रह. तरी त्या दिवसांत ते जास्त खायला लागले. मेंदूतल्या भूक पेटवणाऱ्या ज्या पेशी उपासमारीत चेततात, त्याच अल्कोहोलने चेतवल्या होत्या. त्या पेशी बंद पाडल्यावर जादा खाणंही थांबलं. एरवी जेवणातून कॅलरी मिळाल्या की शरीर ही भूक शांत करतं, मद्यातून मिळालेल्या कॅलरींनी ती उलट भडकते. पेग घेतला म्हणून पुढ्यातली पोळी आपोआप कमी होईल, या भरवशावर कुणी राहू नये.

दुसऱ्या दिवशीचा वजनकाटा दिशाभूल करतो, तेही सांगायला हवं. मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवायला सांगणारं व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक अल्कोहोलने दबतं. लघवी जास्त होते आणि सकाळी वजन थोडं उतरलेलं दिसतं. ते फक्त पाणी. खारट चखण्यामुळे पुढचे एक-दोन दिवस तेच पाणी परत साठतं आणि काटा उलटा फिरतो. मद्याने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री ती तुटत राहते. सहाचा गजर बंद करून बुडवलेला टेकडीवरचा फेरफटका कुठल्याच कॅलरी-तक्त्यात येत नाही.

मग डाएट चालू असताना घ्यावी की नाही? गणिताने उत्तर देता येतं. समजा रोज ५०० किलोकॅलरी कमी खाण्याचा नेम आहे. आठवड्याची तूट ३५०० झाली. आठवड्यातून दोनदा, जेवणासोबत, सोडा घातलेला एकेक लार्ज घेतला तर त्यातले २८० गेले. आठ टक्के. वजन थोडं हळू उतरेल, पण उतरेल. आता दुसरा गडी घ्या. तो आठवडाभर कडक राहतो आणि शनिवारी ‘कमावलेलं’ खर्च करतो. दोन स्ट्रॉंग बियर, साडेसातशे. ५० ग्रॅम खारे शेंगदाणे, २८०. हजार ओलांडून गेला, दोन दिवसांची तूट साफ, आणि अजून जेवणाची ऑर्डर जायची आहे. आठवड्याचा कोटा साठवून एका रात्रीत उडवणं हा माझ्या मते सगळ्यांत वाईट प्रकार. यकृतासाठीही तो वाईटच.

पहिल्या गड्याच्या वाटेने जायचं तर गोष्टी साध्या आहेत. घरी मापाने ओतावं. अंदाजाने ओतलेला पेग सहसा साठावर थांबत नाही. आधी जेवायला बसावं आणि ग्लास जेवणासोबत ठेवावा, म्हणजे चखण्याला जागाच उरत नाही. बाहेर असाल तर काकडी-गाजर, उकडलेली अंडी, तंदुरी चिकन. दोन घोटांच्या मध्ये पाणी. आणि किती घ्यायची ते पहिल्या घोटाआधी ठरवावं, नंतर ठरवणारा मेंदू वेगळा असतो.

अमेरिकेत १९ हजारांहून अधिक मध्यमवयीन आणि त्यापुढच्या स्त्रियांचा सुमारे १३ वर्षं पाठपुरावा करणारा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात सुरुवातीला वजन योग्य असलेल्या आणि बेताने पिणाऱ्या स्त्रियांचं वजन न पिणाऱ्यांपेक्षा कमी वाढलं होतं. बैठकांमध्ये असे अभ्यास आवडीने सांगितले जातात. पण तो निरीक्षणाचा अभ्यास. पिण्यामुळे वजन आटोक्यात राहिलं, असा त्याचा अर्थ लावता येत नाही. न पिणाऱ्याने बारीक होण्यासाठी सुरुवात करावी, असं तर मुळीच नाही. थोड्या मद्यानेही कर्करोगाचा धोका वाढतो. पूर्ण सुरक्षित अशी मात्रा नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३च्या जानेवारीत स्पष्टच सांगितलं आहे.

आपल्या माणसांना आणखी एक अडचण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी उभा राहून काढलेला फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय नेमका सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के, याज्ञिकांच्यात २१.२. हातपाय बारीक आणि पोट पुढे, अशा आपल्या अंगकाठीत चरबी आतल्या अवयवांभोवती आणि यकृतात लवकर साचते. सोनोग्राफीच्या अहवालात ‘फॅटी लिव्हर’ हे शब्द वाचलेली माणसं आता घरोघरी सापडतील. अशा यकृतावर मद्याचा भार वेगळा मोजावा लागतो, म्हणून यकृततज्ज्ञांनी २०२३ साली ‘मेटएएलडी’ असा स्वतंत्र वर्गच केला. चयापचयातल्या बिघाडाने झालेलं फॅटी लिव्हर आणि जोडीला पुरुषांत आठवड्याला २१० ग्रॅमपासून, स्त्रियांत १४० ग्रॅमपासून पुढे अल्कोहोल. २१० ग्रॅम म्हणजे रोजचा दीड लार्ज. बैठकीत याला कुणी ‘जास्त’ म्हणत नाही.

सोळा तास उपाशी राहून आठ तासांत जेवायची पद्धत हल्ली बोकाळली आहे. त्यातले काही जण जेवणाच्या कॅलरी वाचवून त्या ग्लासाला देतात. हे धोक्याचं आहे. उपाशीपोटी रक्तातली साखर टिकवण्याचं काम यकृताचं. साठवलेलं ग्लायकोजेन संपत आलं की ते नवी साखर बनवतं आणि अल्कोहोल नेमकं हेच बनवणं अडवतं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्या मधुमेहींमध्ये साखर मग रात्रीतून फार खाली जाऊ शकते. घाम, बरळणं, तोल जाणं, गुंगी ही साखर उतरल्याची लक्षणं आणि हीच नशेचीही. सोबतचे लोक ‘जास्त झाली, झोपू दे’ म्हणून पांघरूण घालतात. अशा वेळी आधी ग्लुकोमीटर काढून साखर बघावी. ७०च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल तर साखर-पाणी द्यावं. गिळता येत नसेल तर तोंडात काही न घालता सरळ रुग्णालयात न्यावं.