टायरमधील हवा आणि स्टिअरिंग
सदर हा जबलपूरच्या छावणीतील बाजार. याच शहरात १९६९ मध्ये लष्करी वाहनांचा कारखाना स्थापन झाला. अशी वाहने वाळूतून नेताना टायरमधील हवा मुद्दाम कमी करतात. त्यामुळे टायर पसरतो व रुतत नाही. सदरच्या डांबरी रस्त्यावर धावणाऱ्या कारला मात्र हाच पसरटपणा बाधतो. स्टिअरिंग जड होते, कार उशिरा वळते, टायर तापतो. अधिक रुंद टायर बसवल्यासही स्टिअरिंग जड वाटते. याउलट, प्रमाणाबाहेर हवा भरल्यास ते हलके होते; परंतु रस्त्याला टेकणारा भाग घटून पकड कमी होते. प्रत्येक टायर जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर टेकतो. प्रवाशांची सुरक्षितता त्या जागेवरच अवलंबून असते. म्हणून उत्पादकाने ठरवून दिलेला हवेचा दाब टायर थंड असतानाच तपासावा.