हापूसच्या बागेतला नेपाळी गडी

कोकणच्या हापूसला 2018 मध्ये जीआय मानांकन मिळालं. पण रत्नागिरीत त्या आंब्याची राखण करणारा पुष्कळदा नेपाळहून आलेला असतो, हे पेटी घेणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं?

पावसाळा सरला की हे गडी येतात, बरेचदा बायकापोरांसह, आणि जूनच्या तोंडावर गावी परततात. फवारणी, वानर हाकणं, रात्रीची राखण, झेल्याने आंबा उतरवणं, सगळं त्यांच्या हाती. बागा बहुतेक घरच्याच. मॅनेजर मालक, मुकादमही मालक. म्हणजे गड्याची गाठ थेट मालकाशीच. मग गडी टिकतो कशावर? आगाऊ उचल तर सगळेच देतात! माझं निरीक्षण असं: राहायला धड खोली, पोराला झेडपी शाळेत प्रवेश, तापात दवाखाना आणि आंबा कमी आला तरी ठरलेला हिशेब वेळेवर. एवढं सांभाळणाऱ्याकडे तोच गडी पुढच्या वर्षी भावालाही घेऊन येतो. चारचौघांत खेकसणाऱ्याचा गडी ऐन एप्रिलात शेजारच्या बागेत दिसतो. वर शिव्या गड्यालाच.

यंदा पेटी घेताना दराआधी बागायतदाराला एवढं विचारा: तुमच्या गड्याचा हा कितवा हंगाम?