फिरता कंपोस्ट डबा घ्यावा का?

बाल्कनीतल्या कुंड्यांसाठी फिरता कंपोस्ट डबा घ्यायचा विचार करताय? जरा थांबा! डबा फिरवला की आत हवा खेळते, ढवळायचे कष्ट वाचतात. पण खत करतात ते जिवाणू, डबा नव्हे. चेन्नईच्या दमट हवेत, ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पावसात नुसत्या भाजीच्या सालींचा चिखल होतो, वास सुटतो. उपाय एकच : दरवेळी सोबत सुका पाला किंवा कोकोपीट. हे तर भोकं पाडलेल्या माठातही जमतं, फक्त काठीने ढवळायचं. कंबर दुखते, उंदीर येतात? मग दोन कप्प्यांचा डबा घ्या. एकातलं खत मुरेपर्यंत दुसरा भरा. नाहीतर माठच बरा. पेरुंगुडी, कोडुंगैयूरच्या कचराडेपोत जाणारी तुमची ओल्या कचऱ्याची पिशवी दोन्हींनी सारखीच हलकी होईल.