कान किटतात तेव्हा

सोसायटीच्या आवारात कुणी गाडी मागे घेऊ लागले की अनेकदा एक नाजूक धून वाजू लागते. हेल्पलाइनवर ताटकळताना तीच, लहान मुलांच्या खेळण्यातल्या पियानोतही तीच. ही बीथोव्हनची ‘फ्यूर एलिझे’. १८१० मध्ये लिहिलेली ही छोटीशी पियानोरचना त्याच्या हयातीत छापलीही गेली नव्हती. ती प्रसिद्ध झाली १८६७ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर ४० वर्षांनी. आज तैवानमध्ये कचरा गोळा करणाऱ्या गाड्या ही धून वाजवत गल्लोगल्ली फिरतात. तिथल्या माणसाला ती ऐकून बीथोव्हनऐवजी घरातली कचऱ्याची पिशवी आठवली, तर त्यात त्याचा काय दोष?

पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या रसिकांना विचारले, तर ऐकून ऐकून कान किटलेल्या रचनांची यादी बहुधा ठरलेली असते. ‘फ्यूर एलिझे’, पाखेलबेलचा ‘कॅनन’, विवाल्डीच्या ‘फोर सीझन्स’मधला वसंत, बीथोव्हनच्या पाचव्या सिंफनीची सुरुवात आणि राव्हेलचा ‘बोलेरो’. यातली एकही रचना सुमार नाही. लोकांना आवडल्या म्हणूनच त्या इतक्या वाजल्या. मग आवडीचे रूपांतर वैतागात का होते? हा प्रश्न संगीताइतकाच मेंदूचाही आहे. वैद्यकशास्त्राला त्यात रस असण्याचे कारण असे, की काही आजारांत माणसाची कंटाळण्याची क्षमताच हरवते.

नव्या घड्याळाची टिकटिक पहिल्या रात्री झोपू देत नाही. आठवड्याने ती ऐकूही येत नाही. कान तोच असतो, आवाजही तोच. फक्त मेंदूतल्या पेशी त्याच त्या आवाजाला कमी कमी प्रतिसाद देऊ लागतात. याला सरावणे म्हणतात. ही सोय नसती तर रहदारीच्या रस्त्यावर दोन मिनिटे चालणेही अशक्य झाले असते. अतिदक्षता विभागात मात्र हीच सोय घातक ठरू शकते. दिवसभर विनाकारण वाजणाऱ्या मॉनिटरच्या घंटेला कर्मचाऱ्यांचे कान सरावतात आणि खऱ्या धोक्याच्या वेळी वाजलेली घंटा दुर्लक्षित राहण्याची भीती असते.

संगीतात सरावण्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे अपेक्षा. ऐकता ऐकता मेंदू पुढचा स्वर कोणता येणार याचा अंदाज बांधत असतो. माँट्रियलच्या संशोधकांनी २०११ मध्ये लोकांना त्यांच्या आवडीचे संगीत ऐकवत मेंदूतल्या डोपामिनचा माग घेतला. अंगावर काटा आणणाऱ्या जागी ते स्रवत होतेच; पण ती जागा येण्याच्या काही क्षण आधी, नुसत्या चाहुलीने, मेंदूच्या दुसऱ्या एका भागातही स्रवत होते. गवई समेवर येण्याआधीच मान डोलवणाऱ्या श्रोत्याला हे वेगळे सांगायला नको. म्हणजे आनंदासाठी थोडी ओळख हवी आणि थोडी अनिश्चितताही हवी. अगदी अनोळखी रचनेत अंदाजच बांधता येत नाही. पाठ झालेल्या रचनेत तो चुकण्याची शक्यता उरत नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल बर्लाइन यांनी १९७०च्या दशकात या चढउताराला उलट्या ‘यू’चा आकार दिला होता: आवड आधी वाढते, शिखर गाठते, मग उतरते.

मात्र हा उतार सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही. कॅनडात झालेल्या २००४ मधल्या एका अभ्यासात काही जणांनी सांगीतिक तुकडे लक्ष देऊन ऐकले, तर काहींच्या कानावर ते दुसरे काम करता करता पडले. लक्ष देऊन ऐकणाऱ्यांची आवड पुनरावृत्तीने आधी वाढली आणि नंतर घसरली. दुसऱ्या गटाची आवड मात्र वाढतच गेली. थोडक्यात, मन लावून ऐकणाराच आधी कंटाळतो. अर्थात प्रयोगशाळेतले छोटे तुकडे वेगळे आणि दुकानात तीच तीस गाणी आठ तास ऐकणारा विक्रेता वेगळा. त्याला आवाज बंद करण्याचा अधिकार नसतो, आणि ज्यावर आपला ताबा नाही तो आवाज अधिक त्रास देतो.

पुनरावृत्ती म्हणजे कंटाळाच, असेही नाही. पाखेलबेलच्या ‘कॅनन’मध्ये चेलोवादकाला तेच आठ स्वर २८ वेळा वाजवायचे असतात. वर तीन व्हायोलिने एकमेकींचा पाठलाग करत असतात, खाली हा बिचारा घाण्याच्या बैलासारखा फिरत असतो. आपल्याकडे एकल तबलावादनात लेहरा धरणाऱ्या हार्मोनियमवादकाचे असेच होते. तासभर तीच एक ओळ. पण श्रोत्याला लेहऱ्याचा कंटाळा येत नाही, कारण त्याचे लक्ष तबल्यावर असते. लेहरा त्याला आवर्तन मोजून देत असतो. न बदलणाऱ्या गोष्टीच्या आधारावर काहीतरी बदलत असेल तर कान टिकतो.

‘बोलेरो’ हा याच कल्पनेचा टोकाचा प्रयोग. फ्रेंच संगीतकार मोरिस राव्हेल याने तो नर्तिका इडा रुबिनस्टाइन हिच्यासाठी लिहिला आणि नोव्हेंबर १९२८ मध्ये पॅरिसला तो प्रथम सादर झाला. ताशाची आठवण करून देणारा स्नेअर ड्रम एकच ठेका १६९ वेळा वाजवतो. दोनच चाली आलटूनपालटून येतात. साधारण पंधरा मिनिटांत बदलतात ती फक्त वाद्ये आणि आवाजाची पातळी. सूर तर जवळजवळ शेवटपर्यंत जागचा हलत नाही. मोठे वाद्यवृंद ही रचना वाजवायला नकार देतील, असे खुद्द राव्हेलला वाटले होते. झाले उलटेच. ज्यांना ती नकोशी झाली आहे त्यांनी एकदा चालीकडे दुर्लक्ष करून प्रत्येक फेरीला कोणते वाद्य आले, एवढेच ऐकून पाहावे.

राव्हेलला पुढे मेंदूचा आजार झाला. लिहिताना अक्षरे अडू लागली, शब्द सापडेनात, सवयीच्या हालचाली जमेनात. १९३२ मध्ये टॅक्सीच्या अपघातानंतर हे वाढले. तेओफील आलाजुआनिन या न्यूरॉलॉजिस्टने त्याला तपासले होते. त्यांच्या निरीक्षणानुसार राव्हेलला संगीत ओळखता येत होते, त्यातली चूकही कळत होती. पण डोक्यातली रचना कागदावर उतरवता येत नव्हती. डिसेंबर १९३७ मध्ये मेंदूवरच्या शस्त्रक्रियेनंतर तो वारला.

मग ‘बोलेरो’तली पुनरावृत्ती हे या आजाराचेच पहिले लक्षण होते काय? असा तर्क अनेकांनी मांडला आहे. तो आकर्षक आहे, पण त्याचा आधार कच्चा आहे. ‘बोलेरो’नंतर राव्हेलने पियानोचे दोन कॉन्चेर्टो लिहिले, आणि त्यांत वैविध्याची काही कमतरता नाही. ‘बोलेरो’तली पुनरावृत्ती त्याने जाणूनबुजून निवडली होती. कलाकृतीवरून मृत माणसाचे निदान करण्याचा मोह डॉक्टरांनी आवरलेलाच बरा.

तरीही एक योगायोग चटका लावतो. कॅनडातल्या ॲन ॲडम्स या जीवशास्त्रज्ञ मुलाच्या अपघातानंतर विज्ञान सोडून चित्रकलेकडे वळल्या. १९९४ मध्ये, वयाच्या ५३व्या वर्षी, त्यांना ‘बोलेरो’ने पछाडले. स्वरलिपीतला प्रत्येक खंड म्हणजे एक उभी आकृती, आवाज जितका मोठा तितकी तिची उंची, आणि शेवटी सूर बदलतो तिथे रंगही बदललेले, असे चित्र त्यांनी काढले. राव्हेलने ‘बोलेरो’ लिहिला तेव्हा तोही ५३ वर्षांचाच होता. काही वर्षांनी ॲडम्स यांची वाचा जाऊ लागली. निदान झाले प्रायमरी प्रोग्रेसिव्ह अफेजियाचे, म्हणजे भाषा हळूहळू पुसत नेणाऱ्या आजाराचे. २००७ मध्ये त्यांचे निधन झाले आणि पुढच्या वर्षी ‘ब्रेन’ या नियतकालिकात त्यांच्यावरचा शोधनिबंध आला. त्यांना तेव्हा ‘बोलेरो’ काय आहे हे ठाऊक होते. त्याच वेळी आपल्या मेंदूत काय सुरू होते आहे हे मात्र ठाऊक नव्हते.

या आजाराचे एक भावंड म्हणजे फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया. यात विसराळूपणाआधी स्वभाव बदलतो. इटलीतल्या डॉक्टरांनी २००० मध्ये ६८ वर्षांच्या एका वकिलाची नोंद प्रसिद्ध केली. हे गृहस्थ आयुष्यभर अभिजात संगीत ऐकणारे. पॉप म्हणजे त्यांच्या लेखी निव्वळ गोंगाट. निदान झाल्यावर सुमारे दोन वर्षांनी ते एका पॉप बँडची गाणी पूर्ण आवाजात ऐकू लागले. गाणी वाईट होती असे नव्हे. उत्साहाने पॉप ऐकणारे वृद्ध कितीतरी असतात. लक्षणीय होता तो जुन्या माणसाशी न जुळणारा बदल.

अशा रुग्णांना घेऊन येणारे नातेवाईक बहुधा उशिरा येतात, कारण ‘त्यांना सगळे आठवते हो’ हा दिलासा असतो. हा आजार अनेकदा ४५ ते ६५ या वयात सुरू होतो. तेच गाणे, तेच वाक्य, तीच वाट रोज. गोडाची अनावर ओढ. चारचौघांत काय बोलावे याचे भान सुटणे. घरच्यांच्या दुःखाशी काही देणेघेणे नसल्यासारखे वागणे. यातल्या दोन-तीन गोष्टी नव्याने दिसल्या आणि काही महिने टिकल्या, तर न्यूरॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. ‘वयामुळे हेकट झाले’ म्हणून सोडून देऊ नये. तीन वर्षांच्या मुलाने एकच बडबडगीत वीस वेळा लावायला सांगितले, तर त्यात काळजीचे कारण नाही. त्याचा मेंदू अजून अंदाज बांधायला शिकतो आहे.

उलट बाजूही पाहायला हवी. एका रचनेचा वीट आला तर ती काही महिने बाजूला ठेवावी; बहुतेकदा गोडी परतते. पण सगळेच संगीत बेचव झाले, सोबत जेवणातला, माणसांतला, कामातला रसही गेला आणि हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर ते नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. काही निरोगी माणसांना संगीतातून मुळातच आनंद मिळत नाही, हेही बार्सिलोनाच्या संशोधकांनी दाखवले आहे. त्यांना मैफलीला ओढून नेण्यात अर्थ नाही.

अल्झायमरच्या रुग्णांचे गणित पुन्हा निराळे. नावे, चेहरे पुसट होत गेले तरी तरुणपणी ऐकलेल्या चाली बऱ्याच काळ शाबूत राहतात, आणि त्यांनी बेचैनी कमी होताना दिसते. तासापूर्वी हेच गाणे लावले होते याची नोंद मेंदूत राहत नाही, त्यामुळे रुग्ण कंटाळत नाही. कान किटतात ते स्वयंपाकघरातल्या सुनेचे, रात्रपाळी करून आलेल्या मुलाचे. त्यांनी चिडून रेडिओ बंद करण्यापेक्षा रुग्णाला चालत असेल तर हेडफोन द्यावा, आवाज बेताचा ठेवावा. आंघोळ, कपडे बदलणे, संध्याकाळची घालमेल अशा नेमक्या वेळांसाठी गाणी राखून ठेवावीत आणि उरलेला वेळ घरातल्यांना शांतता मिळू द्यावी.