भूपृष्ठातील बदल आणि उपग्रह प्रतिमा : ऋतूचा प्रश्न

लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह १९७२ मध्ये प्रक्षेपित झाला. २००८ मध्ये या प्रतिमांचा संग्रह विनामूल्य खुला झाल्याने महाविद्यालयीन संशोधकांनाही तो उपलब्ध झाला. हिरवी पाने लाल प्रकाश शोषतात व निकट-अवरक्त किरण परावर्तित करतात. या फरकावरून वनस्पती निर्देशांक काढला जातो. मात्र सह्याद्रीच्या पूर्वेकडील पानझडी वने ऑक्टोबरात हिरवीगार, तर मार्च-एप्रिलमध्ये बव्हंशी निष्पर्ण असतात. एका वर्षाची ऑक्टोबरमधील व दुसऱ्या वर्षाची एप्रिलमधील प्रतिमा तुलनेस घेतल्यास न झालेली वृक्षतोड नकाशावर उमटते. आणि असा नकाशा एकदा प्रबंधात शिरला की वनविनाशाचा पुरावा म्हणून उद्धृत होऊ लागतो. म्हणून प्रतिमा एकाच महिन्यातील असाव्यात. त्या वर्षांचे पर्जन्यमानही तपासावे, कारण अवर्षणात उभे वनही विरळ भासते.